साठीचा ड्रायव्हर आणि सहा डिसेंबरची गाडी

नोव्हेंबर लागला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत गाडीची बोलणी सुरू होतात. चैत्यभूमीला कोण कोण येणार, माणशी वर्गणी किती, सुमो करायची की ट्रॅव्हलर, भाकऱ्या बांधून न्यायच्या की पनवेलला थांबायचे, यावर विहाराच्या ओट्यावर तासन् तास चर्चा झडते. एका गोष्टीवर मात्र चर्चा होत नाही. गाडी चालवणार कोण? "आपले तात्या आहेत की!" एवढ्यावर विषय संपतो. तात्या एसटीत तीस वर्षे होते, कुंभार्ली घाट त्यांनी डोळे मिटून उतरवला आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. आज त्यांचे वय चौसष्ट आहे हे कोणी काढत नाही आणि तात्याही स्वतःहून सांगत नाहीत. असे एक तात्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांच्याविषयी आदर राखूनच आज काही रोखठोक बोलायचे आहे.

तात्यांना साठी उलटल्यावरही स्टेअरिंगवर का बसावे लागते, हे आधी पाहू. आपल्या समाजातली एक अख्खी पिढी एसटी, बेस्ट, गोदी, रेल्वे आणि महापालिकेच्या गाड्यांवर राबली. निवृत्तीनंतर एसटीच्या माणसाच्या हाती जी पेन्शन पडते ती १९९५ च्या योजनेची. २०१४ साली सरकारने मोठा गाजावाजा करून तिची किमान रक्कम ठरवली, ती महिना एक हजार रुपये! हजारात महिन्याची साखर-चहा आणि ब्लडप्रेशरची गोळी भागली तरी खूप झाले. मग माणूस कोणाची मॅजिक चालवतो, कोणाचा टेम्पो मारतो, लग्नसराईत सुमो घेऊन जातो. दुसरे कारण जिल्ह्याच्या घडणीतच आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ इथे मुलींचे फार कौतुक होते असा नव्हे. इथला कमावता पुरुष मुंबई-पुण्याला आहे, एवढाच त्याचा अर्थ. गावात गाडी चालवता येणारे जे हात उरतात ते पिकलेले असतात.

आणि ही गरज फक्त तात्यांची नाही. २०२१-२२ च्या संपाच्या काळात एसटी महामंडळानेच निवृत्त चालकांना कंत्राटावर परत बोलावण्याचा निर्णय घेतला होता. पेन्शन हजारांची, पण गरज पडली की हाच म्हातारा माणूस पुन्हा कामाचा!

आता वयाचे बोलू. इथे खरे ते सांगितले पाहिजे, नाहीतर तरुण पोरे हा लेख दाखवून घरातल्या म्हाताऱ्यांना गप्प करतील. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. बेफाम वेग, दारू, हेल्मेटशिवाय तिघे एका मोटारसायकलवर, ही कामे तात्यांची नव्हेत. म्हातारा ड्रायव्हर गाडी हळू हाकतो, ओव्हरटेक करताना दहादा विचार करतो. त्याची अडचण वेगळी आहे. समोरून एलईडीवाला अप्पर मारत आला की डोळ्यांपुढे जो पांढरा पडदा येतो, तो तरुणाचा पटकन हटतो आणि साठीतल्याचा रेंगाळतो. तेवढ्या क्षणांत गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते. काचबिंदू असेल तर समोरचे नीट दिसते, कडेचे दिसेनासे होते, आणि ते दिसत नाही हेही माणसाला कळत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एका वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची ताकद कमी होते. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. पण हातखंब्याच्या तिठ्यावर उजवीकडून ट्रक, डावीकडून रिक्षा, मागून हॉर्न आणि शेजारी बसलेला माणूस सांगतोय "तात्या, इकडून घ्या", असे चारही बाजूंनी आले की म्हातारे लक्ष कशावर तरी एकावरच टिकते. मायेपोटी आपण त्यांच्याशी रात्रभर गप्पा मारतो, झोप लागू नये म्हणून. झोप लागत नाही हे खरे, पण लक्ष फुटते त्याचे काय?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक बिनतोड प्रश्न विचारला आहे. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिले आणि त्याला वैराग्य आले, ही पारंपरिक कथा त्यांनी मानली नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला म्हातारा दिसलाच नाही, हे बुद्धीला पटत नाही असे त्यांचे म्हणणे. म्हातारपण एका दिवशी अचानक रस्त्यात भेटत नसते. ते रोज थोडे थोडे येते, घरातल्यांना दिसते, शेजाऱ्यांना दिसते. गाडीच्या पत्र्यावर नव्या नव्या खरचटी दिसू लागतात, फाटकाचा खांब दोनदा घासला जातो, रोजच्या रस्त्यावरचे वळण एक दिवस चुकते. आपण पाहतो आणि बोलत नाही.

मग सरकार काय पाहते? मोटार वाहन कायद्यात वयाचा विचार आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्या माणसाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, आणि चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावा लागतो. प्रवासी आणि मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांचा परवाना पूर्वी तीन वर्षांचा होता, त्याच दुरुस्तीने तो पाच वर्षांचा केला. चकरा वाचल्या म्हणून लोक खूश झाले. पण त्या चकरेत एक डॉक्टरी तपासणीही होती. साठीच्या ड्रायव्हरचे डोळे पूर्वी तीन वर्षांनी तपासले जात, आता पाच वर्षांनी. साठ ते पासष्टमध्ये डोळ्यांचे काय होते, हे कोणत्याही चष्मेवाल्याला विचारा.

तपासणी कशी होते तेही सर्वांना ठाऊक आहे. आरटीओच्या आसपास एजंट सांगेल त्या डॉक्टरकडे जायचे, पैसे ठेवायचे, सही-शिक्का घ्यायचा. काही डॉक्टर प्रामाणिकपणे तपासतात, त्यांच्याकडे एजंट माणसे पाठवत नाही. पण समजा सगळे डॉक्टर हरिश्चंद्र झाले, तरी फॉर्म काय विचारतो? भर उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. भर उजेडात! परशुराम घाटात रात्री दोन वाजता पावसात काय दिसते, हा प्रश्नच नाही. लाल-हिरवा रंग ओळखतो का, ऐकू येते का, हातपाय धड आहेत का, झाले.

आता खरी गोम ऐका. त्याच फॉर्मच्या शेवटी डॉक्टरने प्रमाणित करायचे एक कलम आहे. प्रतिसादाला लागणारा वेळ, बाजूचे दिसणे आणि डोळे दिपल्यावर सावरण्याची क्षमता, या तीन गोष्टी मी स्वतः तपासल्या आहेत, असे ते कलम सांगते. म्हणजे उतारवयात नेमके जे कमी होते ते कायदा करणाऱ्यांना चांगले माहीत होते. पण त्या कलमाला कंसात एक शेपूट आहे. ही तपासणी फक्त धोकादायक मालाची गाडी चालवणाऱ्यांसाठी! गॅसचा टँकर, ॲसिडचा टँकर चालवणाऱ्याचे दिपलेले डोळे किती वेळात सावरतात हे पाहायचे. सतरा माणसे भरलेली ट्रॅव्हलर चालवणाऱ्याचे पाहायचे नाही. मुंबई-गोवा महामार्गावर ही ट्रॅव्हलर आणि तो टँकर एकाच वळणावर समोरासमोर येतात. टँकरवाल्याची तपासणी झाली असेल, तर कायद्याने गॅसची काळजी घेतली म्हणायचे. माणसांची कोणी घेतली?

हे शेपूट काढायला संसदेत कायदा दुरुस्त करावा लागत नाही. फॉर्म केंद्रीय नियमांतला आहे, अधिसूचनेने बदलतो. साठीच्या पुढचा कोणीही, आणि प्रवासी गाडीचा कोणत्याही वयाचा चालक, यांना ही तपासणी लागू करा, एवढीच मागणी आहे. दोन्ही सभागृहांत आपल्या नावावर निवडून गेलेले काही जण आहेत. त्यांनी निदान एक प्रश्न तरी विचारावा.

कुर्ल्याचा अपघात वाचकांना आठवत असेल. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री, महापरिनिर्वाण दिनाची गर्दी ओसरून तीन दिवस झाले होते, आणि बेस्टची एक विद्युत बस बाजाराच्या गर्दीत घुसली. गाड्या चिरडल्या, अनेकांचे बळी गेले. बस भाडेकराराची, चालक कंत्राटी, वय ५४. त्याचा हात आधीच्या वेगळ्या गाड्यांवर बसलेला आणि या बिनगिअरच्या नव्या गाडीचे प्रशिक्षण अगदी थोडके, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. प्रकरण न्यायालयात गेले, म्हणून दोष कोणाचा यात मी शिरत नाही. पण एक गोष्ट दोषाच्या पलीकडची आहे. ज्या पायाने तीस वर्षे क्लच दाबला त्याला क्लचच नाही असे सांगितले, तर पंचविशीतला पाय आठवड्यात शिकेल, पंचावन्नचा शिकायला वेळ घेईल. शिकेल जरूर, पण त्याला दिवस द्यावे लागतील. कंत्राटदाराच्या हिशेबात दिवस म्हणजे पैसे. आमच्याकडेही आता बिनगिअरच्या गाड्या येत आहेत. मुंबईच्या मुलाने घेतलेली नवी गाडी गणपतीत गावी आली की चावी तात्यांच्या हातात देऊन "चालवा" म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण त्या गाडीवर तात्या नवशिके असतात.

वयाइतकाच थकव्याचा विचार केला पाहिजे, कारण म्हातारा माणूस थकतो लवकर आणि कबूल करतो उशिरा. कामाचे तास हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आले. मोटार कामगारांना तेच संरक्षण १९६१ च्या कायद्याने दिले. दिवसाला आठ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच तो कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. आठ तास तिथेही आहेत, पण पाचाची अट दहावर गेली! पाच ते नऊ माणसे ठेवणारा ट्रॅव्हल्सवाला एका फटक्यात बाहेर पडला. कोकणात असेच मालक जास्त. तरीही वकिलीच्या नजरेने एक फट दाखवून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ प्रवासी-मालवाहू गाडीवर नेमलेल्या 'कोणत्याही व्यक्ती'चे तास ठरवते. तिथे माणसे मोजलेली नाहीत. माझ्या मते त्या कलमाखाली एका गाडीचा मालकही सुटत नाही. कोणीतरी हे कोर्टापुढे नेले पाहिजे.

आपण स्वतः काय करतो ते पाहा. ५ डिसेंबरला तात्या सकाळी शाळेची खेप मारतात, दुपारी हळदीकुंकवाच्या बायका सोडतात, रात्री नऊला मुंबईकडे गाडी काढतात. साडेतीनशे किलोमीटरच्या घरातला रस्ता. २०११ पासून चौपदरीकरण चालले आहे, कुठे काँक्रीट, कुठे अर्धवट पूल, कुठे दगड मांडून केलेले डायव्हर्शन. कशेडीला बोगदा झाला, पण बोगद्यापर्यंत पोचायचे तर आहे. मार्च २०१३ मध्ये खेडला जगबुडीच्या पुलावरून खासगी बस नदीत गेली आणि ३७ जण गेले. त्या चालकाच्या वयाचा इथे संबंध नाही, वेळेचा आहे. पहाटेचा अंधार होता. त्या वेळी विशीतल्याचेही डोळे मिटतात. दुसऱ्या दिवशी आपण रांगेत उभे राहून अभिवादन करतो, तात्या गाडी सांभाळत दादरच्या गल्लीत बसून असतात, आणि रात्री तेच आपल्याला परत आणतात. तीस-बत्तीस तासांत त्यांची झोप किती झाली, कोणी मोजले आहे?

पाचवे शील आपण लोकांना दारूबंदी म्हणून सांगतो. ते बरोबरच आहे. पण त्या शीलात दारूच्या नावांपाठोपाठ 'पमाद' हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा. दारू वर्ज्य कशासाठी, तर ती माणसाला बेसावध करते म्हणून. सर्दीची गोळी घेऊन डुलक्या काढणारा, साखर उतरून घाम फुटलेला, दोन रात्री न झोपलेला चालक दारू प्यायलेला नसतो. पण गाडीतल्या माणसांच्या दृष्टीने फरक काय पडतो?

चाळीसगावचा टांगा आपल्याला पाठ आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी फिरत असताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. एवढ्या मोठ्या पाहुण्याने चालत यावे हे महारवाड्यातल्या लोकांना सहन होईना. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही, म्हणून कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. पुलावर चाक अडकले, घोडा-गाडी खाली गेली आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पायाचे हाड मोडले. भाषणांतून आपण ही गोष्ट टांगेवाल्यांच्या जातीच्या माजासाठी सांगतो, आणि सांगितलीच पाहिजे. पण बाबासाहेबांनी स्वतः लिहिताना दुसरी बाजूही नोंदवली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाचा विचार मागे पडला होता. त्या काळी टांगेवाला नकार देत होता, लोकांचा नाइलाज होता. आज आपल्या हातात पैसे आहेत, गाडी आहे, पिवळ्या पाटीचा तरुण चालकही मिळतो. नाइलाज कसला? तात्यांना वाईट वाटेल एवढाच.

तात्यांना वाईट वाटण्याआधी कायदा काय म्हणतो तेही कळू द्या. आजार किंवा व्यंग असल्याचे माहीत असून धोका होईल अशी गाडी चालवणे हा कलम १८६ चा गुन्हा आहे. कलम १८८ सांगते की त्याला प्रोत्साहन देणाराही तितकाच शिक्षेस पात्र. "जमतंय तात्या, चला" म्हणणारे शाखेचे पदाधिकारी त्यात येऊ शकतात. दुसरे म्हणजे परवान्याची मुदत. पूर्वी ती संपल्यावर तीस दिवसांची सवड मिळत असे, २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तर २००४ च्या स्वर्णसिंग निकालाप्रमाणे विमा कंपनीला जखमीचे पैसे द्यायला लावले जाते, पण मग ते ती गाडीमालकाकडून वसूल करते. प्राधिकरणापुढच्या अशा वसुलीत जमिनीचा तुकडा विकलेली घरे मी पाहिली आहेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेली असेल तर परिस्थिती आणखी वाईट. आणि जर गेला तो पासष्टच्या पुढचा असेल, तर सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालातल्या तक्त्यात त्याच्या उत्पन्नाला गुणक किती? पाच. पंचविशीतल्याला अठरा.

एवढे सांगूनही चावी हिसकावून घ्या असे मी म्हणणार नाही. कारण तात्यांच्या स्कूटरवर फक्त तात्या नसतात. वाडीतल्या बाळंतिणीला, डायलिसिसच्या पेशंटला, पेन्शनच्या म्हातारीला तालुक्याला नेणारे तेच एक चाक असते. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी २०२२ पासून फुकट आहे, पासष्टला अर्धे तिकीट आहे. पण फुकट एसटी येते कुठपर्यंत? गावठाणाच्या थांब्यापर्यंत. बौद्धवाडी पूर्वापार गावकुसाबाहेर, दोन-तीन किलोमीटर चढावर. वाडीजोड रस्ता कागदावर झाला असेल, त्यावरून एसटी वळत नाही. जपानमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या चालकाला परवाना नवा करताना स्मरण आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. स्वखुशीने परवाना परत करणाऱ्याला अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. सवलत द्यायला आधी बस असावी लागते! रत्नागिरी विभागाने सकाळ-संध्याकाळ एक छोटी गाडी वाडीपर्यंत फिरवली, तर अर्धे तात्या स्वतःच स्कूटर विकतील.

डोळ्यांचा इलाज मात्र आपल्या हातात आहे. अमेरिकेत २००२ साली सिंथिया ओस्ली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, मोतीबिंदू काढून घेतलेल्या वृद्ध चालकांचे अपघात तो तसाच ठेवणाऱ्यांच्या साधारण निम्मे निघाले. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून ही शस्त्रक्रिया फुकट होते. जयंतीला आपण रक्तदान शिबिर घेतो, ते चांगलेच आहे. त्याच मांडवात एक टेबल डोळ्यांच्या तपासणीचे लावावे, आणि वाडीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला, मग तो तरुण असो की म्हातारा, त्यावर बसवावे. सगळ्यांनाच बसवले तर तात्यांचा अपमान होत नाही.

आणि यंदाच्या गाडीचे. वर्गणी ठरवताना दुसऱ्या चालकाचे पैसे त्यातच धरावेत, माणशी पन्नास-शंभर रुपये वाढतील. साठीच्या पुढच्या चालकाकडे फक्त दिवसाचा टप्पा द्यावा. शक्य असेल तर ५ तारखेला पहाटे निघून उजेडी मुंबई गाठावी, आणि परतीची गाडी ७ ला सकाळी काढावी. तोवर चालकाला झोपायला दादर-वरळीत कोणाच्या घरी खोली मिळते का, हे मुंबईतल्या गावकऱ्यांनी आत्ताच पाहून ठेवावे. तात्यांनी पुढच्या सीटवर बसून घाटातली वळणे सांगावीत. ती त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला पाठ नाहीत.